साहेबाला दादूचं फेसबुक बघायचं होतं

आमच्या भटवाडीत भिंती अशा, की शेजारी कोणी कूस बदलली तरी आपल्याला कळतं. त्यामुळे पलीकडच्या दादू आणि शकुचं ते जुनं भांडण मी मुद्दाम ऐकलं असं कोणी म्हणू नये. न ऐकायचं तर मला घाटकोपर सोडावं लागलं असतं. लग्नाला वर्ष झालं नसेल, आणि शकुला दादूच्या शर्टाच्या खिशात एका मुलीचा फोटो सापडला. चांगला स्टुडिओत काढलेला, हातात प्लॅस्टिकचं फूल.

"कोणाचा चेडू ह्या?" शकुने विचारलं.

"लग्नाचा आसा."

"ता दिसता माका. नाव काय?"

"मी सांगूचंय नाय."

पुढे बरेच दिवस शकुने त्याला आमटी न घालता नुसता भात वाढला. तरी नाव फुटलं नाही. त्या मुलीचं लग्न ठरून पत्रिका घरी आली, तेव्हा कुठे शकुला ते वाचायला मिळालं.

तर असा हा दादू. नोकरी मरोळच्या एका कंपनीत शिपायाची, तीही कंत्राटावर, दरवर्षी नवा कागद. पण जीव सगळा लग्नं जुळवण्यात. त्यातून नारळ आणि शर्टपीस याखेरीज काही हाती लागलं नाही. शकुने त्या शर्टपीसचे उशांना अभ्रे शिवले, तरी कपाट मोकळं होत नाही.

पूर्वी लोक फोटो आणून द्यायचे, आता फेसबुकवर लिहितात. माझ्या नातीने, गार्गीनेच त्याला ते काढून दिलं. मुली आईला सांगत नाहीत ते दादूला लिहितात. मला दमा आहे, आधी सांगू की नंतर? कॉलेजात एकावर मन होतं, ते लपवू का? मुलंही लिहितात, टक्कल पडायला लागलं म्हणून. दादू सगळ्यांना एका बोटाने उत्तर देतो आणि दुसऱ्या दिवशी भेटला तर काही माहीतच नाही असा चेहरा करतो.

गार्गीचं मुलुंडच्या मुलाशी ठरलेलं गेल्या वर्षी मोडलं. का मोडलं, ती सांगेना. दादूला ठाऊक होतं. मी त्याला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाऊ घातलं, एकदा नव्हे. बोटं चाटून खाल्लं आणि म्हणाला, मीठ बरोबर पडलंय काकी.

मग दादूच्या कंपनीची सहल मनोरीला गेली. होडीतून उतरताना तिथला मोठा साहेब, सर्वेश, चिखलात पडला. पडला तर पडला, मुंबईत माणसं रोज पडतात. पण बूट चिखलात रुतून बसला आणि साहेब एका पायावर उभा राहून ओरडतोय, असा व्हिडिओ कोणीतरी खोट्या नावाने फेसबुकवर टाकला. आमच्या घरात सगळ्यांनी पाहिला. मी दोनदा.

साहेब पेटला. त्याने फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या फेसबुकचा पासवर्ड ऑफिसात द्यायचा, आत शिरून तपासणी होणार. मन साफ असेल त्याला भीती कसली, असं वर. पगार दिला म्हणजे माणूस चड्डीच्या नाडीसकट विकत घेतला, हे या लोकांना कोण शिकवतं देव जाणे. पण पोटाचा प्रश्न. सगळ्यांनी दिले. एकाने तर घाबरून बँकेचाही देऊन टाकला.

दादूने दिला नाही.

शकु हबकली. कागद बदलायची वेळ तोंडावर आलेली, आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार? दे मेल्या तो पासवर्ड, तुझं कसलं आलंय गुपित, असं ती त्याला रोज सुनवायची. भिंतीतून मीही ऐकायची.

पुढचं मला दर्शनाने सांगितलं. दर्शना म्हणजे तिथली एचआरवाली पोरगी, पासवर्ड गोळा करायचं काम तिच्या गळ्यात. साहेबाने दादूला केबिनमध्ये उभं केलं. दादूने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, मी काय काय टाकलंय ते बघून घ्या, पण लोकांनी मला लिहिलेलं मी उघडणार नाही.

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"माझं काय नाय साहेब. दुसऱ्यांचं आहे."

"अरे, मी वाचलं तर त्यांना कुठे कळणार आहे?"

दादूने जरा विचार केला. "ते पण बरोबर. कळायला पायजे. विचारून घेतो."

आणि त्याने तिथेच, उभ्या उभ्या, स्पीकर चालू करून फोन लावला. गार्गी उचलेना, म्हणून मला.

मी बोंबील साफ करत होते. दादू म्हणाला, काकी, तुमच्या घरच्यांनी मला लिहिलेलं आमचे साहेब वाचायचं म्हणतात, वाचू देत? त्याने नाव घेतलं नव्हतं, मीच तोंडाळ.

"साहेब ऐकतायत ना? मग ऐका हो. माझ्या नातीचं लग्न का मोडलं ते या माणसाने मला सांगितलं नाही. तिसऱ्यांचं सुकं घातलं मी त्याला. तुम्ही काय घातलंत?"



मग खारदांड्याच्या राधाला फोन. ती मासळी विकते आणि अहो-जाहो तिच्या खानदानात नाही. तिने आधी साहेब लग्नाचा आहे का ते विचारलं. लग्न झालंय म्हटल्यावर, मग दुसऱ्यांच्या पोरींचं वाचायला कशाला टपलाय, असं विचारून ती जे काही पुढे बोलली ते सांगताना दर्शना नुसती हसत सुटली. तिसरा फोन मुलुंडच्या चंद्रप्रकाशना, म्हणजे गार्गीचं ज्या मुलाशी मोडलं त्याच्या वडिलांना. ते कोर्टात कारकून होते. त्यांनी अगदी आदराने सांगितलं, की साहेबांनी आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि वाचण्याचं कारण सहीनिशी लिहून पाठवावं, म्हणजे वकिलाला दाखवता येईल.

साहेबाने फोन बंद करायला सांगितलं.

"अजून बरेच आहेत साहेब," दादू म्हणाला.

तपासणी तिथेच आटपली. बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलले. व्हिडिओ कोणी टाकला ते काही निघालं नाही. हे सांगणारी दर्शना आमच्याकडे कशी, म्हणाल तर ती दादूकडे आली होती, स्वतःच्या कामाने. दार लोटून बराच वेळ चालल्या होत्या त्यांच्या गोष्टी. नेमका त्याच वेळी माझ्या घरात मिक्सर चालू होता.

दादूचा कागद मात्र नवा झाला नाही. साहेब तोंडावर काही बोलला नाही, कंत्राटदाराने निरोप दिला, की पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येणार. शकु ते ऐकून भांडलीसुद्धा नाही. सकाळी त्याची दाढी होईतो तिने नवा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

शेवटच्या दिवशी साहेबाचा फोन जिन्यावर पडून काचेचा चुरा झाला. तो फोन वरचेवर पडतो, आणि अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात दरवेळी दादूच नेतो. साहेबाने सवयीने फोन त्याच्या हातात ठेवला, उघडायचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि मीटिंगला गेला. दादू दुकानात स्टुलावर बसून राहिला. काच बसल्यावर दुकानदार नीट दिसतंय का बघायला साहेबाचे फोटो उघडायला लागला, तसा दादू म्हणाला, घड्याळ दिसतंय ना, तेवढं पुरे. मग त्याने चिठ्ठीचे तुकडे करून उरलेल्या चहात बुडवले, फोन रुमालात गुंडाळला, बसने मरोळला परत आला, तो साहेबाच्या टेबलावर उजव्या बाजूला ठेवला, आणि आपला डबा घेऊन घरी निघाला.