तीनाचे सहा

मला राग येत नाही. लोक मला चिडायला लावतात, ही वेगळी गोष्ट.

आता हेच बघा. आमची नात ओवी तीन वर्षांची होणार होती. तिच्या दुसऱ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी (आमच्याकडं इवाई म्हणतात), वाढदिवसाच्या बऱ्याच आधी क्रांती चौकातून तिच्यासाठी अंकांचं चित्रपुस्तक आणलं. गुळगुळीत कागद, भडक रंग. मी ते हातात घेऊन चाळलं. सातच्या पानावर ससे होते. मोजले. पुन्हा मोजले. सहाच भरले.

"इवाई," मी म्हणालो, "सातवा ससा कुठं गेला?"

"असंल की झाडामागं."

"झाडामागचा ससा पोरीनं मोजायचा कसा?"

"अवो, पोरगी तीन वर्षांची व्हायचीय अजून. तिला कुठं ऑडिट करायचंय?"

झालं. माझी कानशिलं तापली. एका सशावरून मी शिक्षण, छपाई, देश आणि (ओघात) इवायाचं खानदान इथपर्यंत पोहोचलो. शेवटी म्हणालो, "राहू द्या तुमचं पुस्तक. मीच करतो. हातानं कोरून, हातानं छापून. आणि त्यात एक जरी चूक निघाली, तर जन्मात पुन्हा कुणाची चूक काढणार नाही."

स्वयंपाकघरातून आमची ही पदराला हात पुसत बाहेर आली. इतक्या लगबगीनं ती कधी दारावरच्या भाजीवाल्यासाठीही येत नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "इवाई, ऐकलंत ना?"

"ऐकलं की. साक्षीला मी हाय."

तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी पहिल्यांदाच पाहिली.

लाकूड कोरून ठसे करायचे असं आधी ठरवलं. पण लाकडाऐवजी अंगठाच कोरला गेला. मग कुणीतरी सांगितलं, चपलेच्या तळाला लावतात ते रबर घ्या, लोण्यासारखं कापतं. शहागंजात गेलो. दुकानदारानं रबराची लादी पुढं टाकली.

"कौनसे नंबर की चप्पल बनाते, काका?"

"चप्पल नहीं, किताब."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं. "किताब? पाँव में डालने की?"

"छापने की. नातीसाठी. गिनती की."

"अच्छा," असं म्हणून त्यानं शांतपणे रबर कापलं आणि शेजारच्या दुकानात आवाज दिला, "बड़े मियाँ, पढ़ेलिखे लोगां अब चप्पल पे किताब छापरें."

मी तिथंही चिडलो. चिडून गरजेपेक्षा दुप्पट रबर घेऊन आलो.

आधी चित्रं कोरली. आंबा छापून पाहिला, झकास आला. सीताफळ त्याहून झकास. हत्ती मी उजवीकडं तोंड करून कोरला होता, तो कागदावर डावीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, हत्ती आहे, वळला असेल.

शाई फिरवायला रूळ हवा होता. घरात रुळासारखी एकच वस्तू असते.

"लाटणं कुठाय?" आतून आवाज आला.

"कामात आहे."

आतून परात आपटल्याचा आवाज आला, तेव्हाच मी समजायला हवं होतं. त्या दिवसापासून घरात पोळी बंद, भाकरी सुरू. भाकरीला लाटणं लागत नाही. पण ती ज्या जोरानं थापत होती, त्यावरून पिठाच्या जागी कोण आहे ते मला ओळखू येत होतं.

मग आकडे कोरायला घेतले. ही भाकरीचं ताट ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, आकडे उलटे तर नाही उमटायचे? शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात ना?"

"सुनंदा," मी म्हणालो, "भाकरी कुणी थापायची आणि पुस्तक कुणी छापायचं, हे आपण एकदा ठरवून टाकू."

तिनं फक्त मान हलवली. वाद न घालणारी बायको फार धोकादायक असते, हे मी आता कुणालाही सांगू शकतो.

वाढदिवसाच्या सकाळी गच्चीवर सगळी पानं छापली आणि दोरीला चिमटे लावून वाळत घातली. कागद पातळ होता. छापलेली बाजू उन्हाकडं, मी सावलीत, पानांच्या मागं. उजेड कागदातून आरपार येत होता आणि मागून एकेक आकडा मोत्यासारखा दिसत होता. माझे डोळे भरून आले. (शाईमुळंही असेल.)

ही ओले कपडे घेऊन पलीकडून आली.

"अहो, तीन आंब्यांखाली सहा कशाला काढलाय?"

"तीन आहे तो."

"सहा आहे."

"तीन."

"मला सहा कळत नाही का?"

"तुला काय कळतं हे मी तीस वर्षं बघतोय!"

"आणि मी तीस वर्षं सहन करतेय! हो म्हणता का नाही, सहा आहे?"

दोरीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही मग तिच्या माहेरापर्यंत गेलो, माझ्या आईपर्यंत आलो, मुकुंदवाडीत घर घेण्याचा निर्णय कुणाचा होता तिथं जरा थांबलो. शेवटी तिनं माझी बाही धरून मला पलीकडं ओढलं.

सहा होता. तीन आंब्यांखाली सहा, सहा सीताफळांखाली तीन. एकाचं तोंड भलतीकडं, पाचाचं पोट पाठीला. चारची तेवढी अब्रू राहिली होती. मुखपृष्ठावर 'ओवीसाठी' छापलं होतं, त्यात सगळे काने अक्षरांच्या अलीकडं येऊन उभे होते, वऱ्हाडाआधीच जेवायला बसल्यासारखे.

पुन्हा कोरायला वेळ नव्हता. पानं तशीच टाचून घेतली, तोवर खाली रिक्षा थांबली होती. लेक, जावई, ओवी आणि सगळ्यांच्या पुढं इवाई.

इवायांनी पुस्तक घेतलं. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. चष्मा पुसून तिसरं पाहिलं.

"इवाई, पुस्तकासंगं आरसा फुकट हाय का?"

मी काही बोलायच्या आत हिनं भिंतीवरचा आरसा काढून आणला. त्या आरशात आमचं पुस्तक निर्दोष होतं. इवाई एकेक पान आरशासमोर धरत गेले आणि सगळं घर पोट धरून हसत गेलं. शेवटच्या पानावर मी मोठ्या हौसेनं छापलं होतं, 'प्रकाशक: आजोबा, घर नंबर ३६'. इवायांनी ते आरशात पाहिलं, आरशाबाहेर पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

"आँ? हे आरशात बी छत्तीस, बाहेर बी छत्तीस."

"तीनाचा सहा होतो, सहाचा तीन," जावई म्हणाला. "दोघांची पाठ एकमेकांकडं, ती राहतेच."

"राहणारच," ही म्हणाली. "या माणसाला तेवढा एकच आकडा नीट जमतो."

मी तिच्याकडं पाठ केली. तिनंही माझ्याकडं केली. आम्ही दिवाणाच्या एकाच कडेवर, पण दोन दिशांना तोंडं करून बसलो.

ओवी समोर उभी होती. तिनं पुस्तकातल्या ३६ कडं निरखून पाहिलं. मग आमच्याकडं पाहिलं. मग त्या आकड्यावर बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचलं,

"आजी-आजोबा."

चुकलं, बाळा, तो आकडा आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि इवायांच्या नजरेला नजर भिडली. चूक काढायची मला जन्मभराची बंदी होती. आणि वाईट याचं वाटतं, की चूक नव्हतीच.