चिठ्ठीआत्याचा डबा

आमच्या आत्याला सुनेच्या मोबाइलचा मत्सर वाटायचा. आडपडदा कशाला, सरळच सांगते. सुनेशी माझं काही वाकडं नाही, असं ती छातीठोकपणे म्हणायची. पण मोबाइल होता सुनेच्याच हातात ना!

एकतीस वर्षं दर रविवारी आत्या चर्चच्या दारात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन उभी राहायची. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नाव न घालता. उपासनेत पाळकांनी खूण केली की आत्या पुढे जाऊन एकेक चिठ्ठी वाचायची आणि मंडळी त्यासाठी प्रार्थना करायची. अक्षरावरून तिला साऱ्यांची दुखणी कळायची. मी कितीही खोदून विचारलं, तरी उत्तर एकच, "डब्यातलं डब्यात." नवरा लवकर गेला, शिलाई मशीनवर मुलाला वाढवलं, पण त्याबद्दल कुणी तिला फारसं ओळखत नव्हतं. ती चिठ्ठीआत्या होती, आणि त्यावर ती मान ताठ ठेवून चालायची.

मग मुलाचं लग्न झालं. सून दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देणारी, बोलायला गोड, कामाला चटपटीत. आत्याच्या लेखी हे सगळे दोषच. पाळकांनी सुनेला मोबाइलवर प्रार्थनेचा ग्रुप काढायला सांगितलं. तिने त्याच दिवशी काढला. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा. टाकलं की पाच मिनिटांत चाळीस जोडलेले हात हजर. सहा महिन्यांत डबा रिकामा झाला.

जेवताना मोबाइल वाजला की आत्याचा घास हातातच राहायचा.

"कोण आजारी पडलं आता?"

"गाणी म्हणणाऱ्या काकांचा पाय मुरगळलाय, आई."

"मला नाही बोलले ते! आणि हातांचं चित्र दाबलं की झाली का प्रार्थना? गुडघे कोण टेकणार?"

"तुम्हालाही घेऊ का ग्रुपमध्ये?" सून विचारायची. यावर तर आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण रिकामा डबा घेऊन पुढे जायचं कसं? मग आत्याने जे केलं ते तीच करू जाणे. शनिवारी दार लावून ती डाव्या हाताने तीन चिठ्ठ्या स्वतःच लिहू लागली. "एका बहिणीचे गुडघे फार दुखतात." "एका घरात सासूला कुणी विचारत नाही." मंडळी माना खाली घालून हसू दाबायची. सून मात्र मागच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणायची. आत्याला वाटायचं, बया टोमणाच मारतेय.

आणि एका रविवारी डब्यातून चार चिठ्ठ्या निघाल्या.

चौथी उघडताना आत्याचा चेहरा मी पाहिला. लॉटरी लागल्यासारखा खुलला होता, आणि लगेच उतरला. अक्षर ओळखीचं होतं. घरी फ्रिजवर सामानाच्या यादीत ती त्याच अक्षरात रोज चुका काढायची. चिठ्ठीत काय होतं ते पुढे सुनेनेच, म्हणजे माझ्या वहिनीने, मला सांगितलं: "छातीत गाठ लागतेय. बुधवारी तपासणी आहे. घरी बोलायचा धीर होत नाही. हे ग्रुपवर कसं टाकू?"

म्हणजे आत्या जिंकली होती. ग्रुपवाली स्वतःच तिच्या डब्याशी आली होती. एका खऱ्या चिठ्ठीसाठी किती महिने ती झुरली होती, आणि आता तिने ती मोठ्याने न वाचताच पुन्हा घडी घातली. पाळक खाकरले. आत्याने चिठ्ठी मुठीत घट्ट धरली. ज्या गुडघ्यांचं रडगाणं आम्ही दर रविवारी ऐकत होतो, ते तिने सावकाश जमिनीला टेकवले.

"माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली.

आत्याला मुलगी नाही, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. प्रार्थना संपल्यावर सगळे आमेन म्हणाले. मागच्या बाकावरचा आवाज तेवढा आला नाही.