कलमात न बसलेलं वारं

कळंबच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर थोरला पोरगा मोटरसायकल घेऊन उभा. तो मला न्यायला कधी येत नाही. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "दादा, आय गेली." दुपारी ज्वारी निवडता निवडता कलंडली, ती उठलीच नाही... मी पुण्याहून येत होतो तो तिलाच एक गोष्ट सांगायची म्हणून. बिरोबापुढं उभं राहायला तुला कुणाची बंदी नव्हती, कधीच नव्हती, एवढंच. आता दीड महिना झाला. ती गोष्ट अजून माझ्या तोंडातच आहे.

ती म्हणजे भागू, माझी बायको. आम्ही धनगर. वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली, पण बिरोबा काही सुटला नाही. जत्रेला ढोल घुमला की भागूच्या अंगात देवाचं वारं यायचं. एरवी चढ्या आवाजात न बोलणारी बाई, तेव्हा केस मोकळे, कपाळभर भंडारा, आणि औंदा पाऊस कसा, रोगराई कुठली, ते सांगायची. लोक हात जोडून ऐकायचे. एका जत्रेत सगळ्या गावादेखत माझ्यावरच बोट रोखलं, "भावकीचा बांध कोरलायस, त्यो आधी सोड, मग माज्यापुढं नारळ फोड." लोक पोट धरून हसले. घरी येऊन मी तणतणलो, तर म्हणते कशी, "मी कुठं काय बोलले? देवाला इचारा जावा." बांध सोडला मी. पण ते मनात राहिलं.

पुढं देवळाला सभामंडप बांधायचं निघालं. पुण्यात कारखाना काढलेला गावचाच एक जण देणगी द्यायला तयार होता, पण त्याला प्राप्तिकरात सूट मिळेल अशी पावती पाहिजे होती. मग देवळाचा ट्रस्ट झाला. मी तिसरी शिकलेला, तरी पंचात माझं नाव घातलं. बारामतीचे वकील कागद करताना म्हणाले, "सरकारदरबारी जाणारा कागद आहे. अंगात येणं वगैरे दिसलं तर सूट अडकेल. तसलं काही चालणार नाही, असं कलमच घालून टाकू." असा नियम खरंच आहे का, ते एकानंही विचारलं नाही. एक मेंढरू गेलं की मागनं सगळा कळप, तशी आम्ही मान हलवली. आणि खोटं कशाला बोलू, सही करताना मला तो बांध आठवला. हात अडला नाही माझा.

त्या जत्रेला ढोल घुमला, भागू उठली. ट्रस्टचे अध्यक्ष आडवे आले. "वहिनी, आता कलमात बसत न्हाय. कागूद सरकारात गेलाय." भागू माझ्याकडं बघायला लागली. सगळी जत्राच बघायला लागली. मी म्हणालो, "भागे, खाली बस." बसली. दातावर दात दाबून, थरथरत... घरी येताना एवढंच म्हणाली, "देव कुणाच्या सहीनं येतो व्हय वो?" त्यानंतर जत्रेचा निवद करून द्यायची, आपण यायची नाही. चल म्हटलं की म्हणायची, "मागं घर राखाय कुणी नगं?"

अशी सहा वर्षं गेली. प्राप्तिकराच्या सवलतीची मुदत वाढवायची म्हणून त्या दिवशी मी पुण्याच्या कचेरीत गेलो. साहेबानं कागद वाचला, चष्मा काढला. "हे अंगात येण्याचं कलम कोणी घालायला सांगितलं?"

म्हटलं, "सरकारचाच नेम हाय न्हवं, साहेब?"

"छे! आम्ही ट्रस्टचा कारभार बघतो. देव कसा पुजायचा ते तुमचं तुम्ही ठरवा बाबा. त्यात हात घालायचा आम्हाला अधिकारच नाही."

परतीच्या वाटेवर एसटीत शब्द जुळवत बसलो. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं जमेना. आणि फाट्यावर थोरला उभा...

तेराव्यानंतर सुनेनं धान्याची खोली झाडायला काढली. त्या खोलीचं दार सदा उघडं, भिंतीला टेकलेलं असतं. झाडण्यासाठी तिनं ते पुढं ओढलं आणि मला हाक मारली. दाराच्या आतल्या बाजूला पिवळे पंजे. भंडाऱ्याचे. एकावर एक उठलेले, काही खालपर्यंत ओढत गेलेले. हात भागूचाच, करंगळी वाकडी. देवळातला ढोल घरापर्यंत ऐकू येतो. आम्ही सगळे जत्रेत असताना ती दार लावून घेऊन आत उभी राहत असणार. सहा वर्षं ती काय काय सांगत आली असेल, आणि ऐकायला कोण, तर ज्वारीची पोती. सून ओला फडका घेऊन पुढं झाली, तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की ती रडायलाच लागली.

गेल्या रविवारी देवळात ढोल वाजला. मी त्या खोलीत गेलो आणि दार लावलं. पंजे अगदी तोंडासमोर आले. साहेब काय म्हणाला ते तिला मोठ्यानं सांगितलं, सगळं, सहीच्या वेळी मनात काय होतं तेसुद्धा. बाहेरून सून विचारती, "मामा, आत कोण हाय?" पाय भरून आले होते, पोतं शेजारीच होतं. ढोल थांबेपर्यंत उभाच राहिलो. खाली बसायचा धीर झाला नाही.