साहेबाला नाचवलं ती दुपार
जुन्या चामड्याचा वास आला की मला आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधला आमचा गोरा साहेब आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तीन वर्षं मी घरचा गणपती पाहिला नव्हता, म्हणून रजेचा अर्ज दिला, तर साहेबाने "मफी!", म्हणजे अरबीत "नाही!", म्हणत माझ्या तोंडासमोर त्याचे चार तुकडे केले. त्याच आठवड्यात त्याच्या क्लबातला कॉन्सर्टिनावाला आजारी पडला. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांनी दाबायची-ओढायची, चामडी भात्याची चिमुकली पेटी. गावच्या जाखडी नाचाला मी पेटी वाजवतो हे साहेबाला ठाऊक, त्याने मलाच बसवलं. साहेब क्लबात नाचायचा तो त्यांचा मॉरिस नाच म्हणजे आमच्या जाखडीचा गोरा चुलतभाऊच. पायांत घुंगरू, हातांत रुमाल, आणि पेटी थांबेपर्यंत नाचणाऱ्याने थांबायचं नाही! शुक्रवारी दुपारी, उंट वितळतील अशा उन्हात, मी त्यांची चाल धरली आणि हळूहळू जाखडीच्या लयीवर नेली. साहेब टोमॅटोसारखा लाल. "स्लो, मॅन, स्लो!" मी म्हटलं, "लीव्ह, साहेब?" "नेक्स्ट इयर!" मी आणखी पळवली. त्याच्या घामाने मनामाचा समुद्र वीतभर चढला असेल. शेवटी बायकोसमोर, अख्ख्या क्लबासमोर तो किंचाळला, "गो! वन मंथ! गो होम!" त्या वर्षी आरतीला मी घरी होतो. आता म्हातारपणी सांगायला हरकत नाही, रजा मिळाल्यावरही मी थांबलो नव्हतो. अर्जाच्या एकेका तुकड्याची एकेक, अशा चार फेऱ्या मी त्याला आणखी नाचवलं.