अमावास्येला पेटलेल्या बारा भट्ट्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, निवृत्त होऊनही जमाना लोटला, तरी राग गेलेला नाही. त्यातला निम्मा राग माझ्या स्वतःवर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. अकोटच्या बाजूच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. त्या काळी सरकारनं एक चांगली योजना काढली होती. लोहार-सुतारांसारख्या लहान कारागिरांनी एकत्र यावं, सहकारी संस्था काढावी. सरकार त्यांना एक सामाईक शेड आणि सगळ्यांनी मिळून वापरायची यंत्रं देईल. पण यंत्रं आल्यावर आधी तपासणी. तपासणी अधिकाऱ्यानं स्वतः येऊन प्रत्येकाची भट्टी आणि शेडमधली यंत्रं चालू असल्याचं पाहायचं, तसा अहवाल द्यायचा, मग संस्थेला मान्यता. मान्यता असेल तरच वखराच्या पासा, म्हणजे लोखंडी पाती, आणि कोळपणीचे डवरे बनवायचं सरकारी काम मिळणार. बारा लोहारांनी अर्जावर अंगठे उठवले. त्यांच्यासाठी ही मान्यता म्हणजे बारमाही काम होतं. एरवी हंगाम सरला की लोहाराच्या दारात कुत्रं फिरकत नाही.

संस्थेचा अध्यक्ष मात्र लोहार नव्हता. गावातल्या कापसाच्या जिनाचा मालक अध्यक्ष झाला होता. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. त्यानं उभ्या जन्मात घण उचलला नसेल, पण साहेबलोकांत ऊठबस होती, म्हणून लोहारांनीच त्याला हातापाया पडून अध्यक्ष केला. हा भाऊसाहेब एके सकाळी ठाण्यात आला आणि फिर्याद दिली की संस्थेच्या शेडमधून सरकारी लेथ आणि भोकं पाडायचं यंत्र चोरीला गेलं. शेडची किल्ली एका लोहाराकडे असते, त्याच्यावर संशय आहे. सोबत तपासणी अहवालाची नक्कल जोडली होती. तपासणीच्या दिवशी बाराही भट्ट्या पेटलेल्या होत्या, दोन्ही यंत्रं चालू होती, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. खाली सही, त्यावर गोल शिक्का.

त्या लोहाराला गावात मिस्त्री म्हणत. पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. मी त्याला आणवला.

"साहेब, मशीन शेडात आलीच नाई," तो म्हणाला. "जे आलंच नाई ते मी चोरू कसं?"

"मग किल्ली कशाला ठेवली होतीस?"

"भाऊसाहेबानं देल्ली. म्हने, ठेव तुह्यापाशी. रिकाम्या शेडाले कुलूप लावून राहिलो होतो मी."

मी अहवाल त्याच्यापुढे आपटला. सरकारी अधिकारी खोटं लिहितो आणि तू खरं बोलतोस काय, असं ओरडलो. तो मान हलवत राहिला. मी त्याला दोन थपडा मारल्या. हे लपवत नाही. आमच्या वेळी चालायचं असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही.

दुसऱ्या दिवशी एक खबर आली. जिनातल्याच एका माणसानं सांगितलं की यंत्रं मिस्त्रीच्या मेव्हण्याकडे मोर्शीला पोचली आहेत. मी दोन शिपाई घेऊन एस.टी.नं मोर्शी गाठली. मेव्हणा एका संत्र्याच्या बागेत राखणदार होता. त्याच्या झोपडीत एक कुदळ, दोन विळे आणि मडकी, एवढंच सापडलं. तेव्हाच मला विचारायला हवं होतं की खबर देणारा जिनातलाच कसा. मी विचारलं नाही. उलट परत येऊन मिस्त्रीच्या घराची झडती घेतली आणि त्याची ऐरण, घण, सांडशी, भाता, सगळं संशयित मुद्देमाल म्हणून पंचनामा करून जप्त केलं. काही सापडलं नाही तर काहीतरी उचलून आणायचं, ही आमच्या खात्याची जुनी खोड.

त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली. रडली नाही की पाया पडली नाही.

"मानूस ठेवा साहेब, तुमचा कायदा हाय," ती म्हणाली. "पन ऐरन काहून आनली? तिनं कोनाची चोरी केली?"

मी तिला हाकलून दिलं.

माझ्या हाताखाली एक हवालदार होता. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेला, कागदपत्रांत अतिशय चोख. रिमांडचे कागद तयार करताना तो तपासणी अहवाल उतरवून घेत होता. मध्येच उठला, गस्तीची वही काढली आणि दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अंधाऱ्या रात्री चोऱ्या फार होतात म्हणून अमावास्येला आम्ही जादा गस्त लावत असू आणि वहीत तशी नोंद करत असू. तपासणीच्या तारखेसमोर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: अमावास्या, जादा गस्त.

"मग?" मी विचारलं.

"साहेब, अवसेले लोहार भाता वढत नाई. लहानपनी माह्या बापानं मले अवसेच्या दिवशी विळा शेवटाले, धार काढून आनाले पाठवलं होतं, तं लोहारानं दारातूनच वापस धाडलं. अवजारं धुवून, पुसून पूजा करते थे लोकं. एक भट्टी पेटत नाई, आन इथं बारा पेटल्या म्हनते."

"तू कधीपासून पंचांग पाहायला लागलास?"

"मी तं छप्पन सालीच सोडलं, साहेब. पन थे मानते ना!"

मी वहीतली तारीख पुन्हा पाहिली. वऱ्हाडात जन्मलो, वाढलो, आणि लोहाराची सुट्टी मला ठाऊक नव्हती. शाळेतल्या गुरुजींकडून त्या वर्षाचं पंचांग मागवलं. तिथी बरोबर होती. मग बाकीच्या अकरा लोहारांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला. अकराही जणांनी सांगितलं की त्या दिवशी भट्टी बंद होती आणि कोणी साहेब शेडकडे फिरकला नाही. यंत्रं तर त्यांनी पाहिलीच नव्हती. "आधी काहून नाई सांगितलं?" असं मी चिडून त्यांच्याच बोलीत विचारलं, तर एक म्हातारा म्हणाला, "तुमी इचारलं कोनाले?"

तपासणी अधिकाऱ्याला जबाबासाठी बोलावलं. इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं. मी चहा मागवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "भट्ट्या सगळ्या चालू होत्या ना?"

"बाराच्या बारा."

"घण पडत होते?"

"अहो, आवाजानं बोललेलं ऐकू येत नव्हतं."

"उकाडा असेल मोठा."

"घामाघूम झालो होतो, ठाणेदारसाहेब."

मी हवालदाराकडून ते सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं, त्याची सही घेतली, आणि मग पंचांग उघडून त्याच्यापुढे सरकवलं. लोहार अमावास्येला काय करतो ते सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. दहा मिनिटांत तो पोपटासारखा बोलला. तो शेडपर्यंत गेलाच नव्हता. भाऊसाहेबाच्या जिनाच्या बंगल्यावर जेवला, तिथंच अहवालावर सही केली आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. मजकूर भाऊसाहेबाच्या कारकुनानं लिहिला होता. भट्टी चालू असणं जरूर आहे, एवढं त्या कारकुनाला कळत होतं, म्हणून त्यानं बाराही पेटवल्या. कागदावर पेटवायला कोळसा थोडाच लागतो!

तासाभरात आम्ही पंच घेऊन जिनावर छापा घातला. दोन्ही यंत्रं तिथं सुरू होती, जिनाच्या यंत्रांची दुरुस्ती करत होती. सरकारी क्रमांक कानशीनं घासून वर हिरवा रंग फासला होता. यंत्रं स्टेशनवरून परस्पर जिनात आली होती. आता वरचा एक साहेब फेरतपासणीला येणार असं कळल्यावर यंत्रं गेली कुठं हे दाखवायला भाऊसाहेबाला एक चोर हवा होता, आणि किल्ली त्यानं आधीच मिस्त्रीच्या हातात दिलेली होती.

भाऊसाहेब जराही शरमला नाही. "ठाणेदारसाहेब," तो म्हणाला, "मी नसतो तं या लोकाईले मान्यता कोन देनार होतं? अंगठेबहाद्दर सारे!" माझा हात उठला होता. हवालदारानं तो खाली धरून ठेवला.

मिस्त्री सुटला, ऐरण परत मिळाली. भाऊसाहेब आणि अधिकारी दोघांवर खटला भरला, पुढे शिक्षाही झाली. वरिष्ठांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण महिनाभरात वरून हुकूम आला: अहवाल खोटा होता, सबब संस्थेची मान्यता रद्द. यंत्रं सरकारजमा झाली. शेड एका खात्याला गोदाम म्हणून देऊन टाकली. डवऱ्यांचं काम दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा कारखान्याला गेलं. बारा लोहारांनी काय गुन्हा केला होता, हे त्या हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

मी चिडून वर पत्र लिहिलं. आता खरी तपासणी करा, माणसं खरी आहेत, भट्ट्या खऱ्या आहेत, मी स्वतः पाहिल्या आहेत. एका ओळीचं उत्तर आलं की सदर विषयाशी पोलिसांचा संबंध नाही. ते पत्र वाचून मी टेबलावर मूठ आपटली, तिनं दौत सांडली आणि दुसरं काही झालं नाही.

या प्रकरणानं मला धडा दिला तो साधा आहे. शिक्का मारलेला कागद साक्षीदार नसतो. साक्षीदार दारात बसलेला असतो आणि आपण त्याला हाकलतो. त्यानंतर नोकरीत मी कोणत्याही अहवालावर विसंबून कोणाला कोठडीत टाकलं नाही. आणि कोणावर हात उचलला नाही.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी मिस्त्रीच्या घरी गेलो. गणवेश न घालता गेलो. तो पास शेवटत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, मी तुम्हाला मारलं. मला माफ करा."

त्यानं घण खाली ठेवला. बायकोला पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाला, "थापड एकल्या मले लागली होती साहेब, थे मी कवाच माफ केली. पन मान्यता बाराई घराची गेली. तिची माफी कोन मांगून राहिलं?"