‘एम’ची भानगड

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही; पण निदान तोंडातला चहा आधी गिळा!

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, ती नव्वदीतली गोष्ट. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. जवळच्या बेला गावचा माणूस मी, कापूस वेचता वेचता शिकलेला, आणि कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात! देवळात जावं तसे चपला बाहेर काढून आत जायचो आम्ही.

त्यात एक प्रोग्राम होता. सर्किट नुसतं पडद्यावर मांडायचं आणि बटण दाबायचं, की ते खरं असल्यासारखं चालतं! वायरी नकोत, बोटं भाजणं नको. मी तर आनंदानं येडाच झालो. प्रिन्सिपलसाहेबांना सांगून बसलो, "सर, शुक्रवारी सगळ्या कॉलेजला दाखवतो!"

सर्किट अगदी बाळबोध होतं. एक ऑप-अँप, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी चिप. तिच्यासोबत दोन रेझिस्टर, एक शंभर किलोओमचा, दुसरा एक मेगाओमचा. सिग्नल दहापट झालाच पाहिजे. झोपेत जोडून देईन मी!

बुधवारी मांडलं. बटण दाबलं. पडद्यावर काय? आडवी रेघ. शून्य!

पुन्हा दाबलं. रेघ!

मग मी काय केलं? चिप बदलली! पडद्यावरची चिप पुसून टाकली आणि त्याच नावाची दुसरी ठेवली. म्हटलं, पहिली जळाली असेल. अहो, चित्र कधी जळतं का?

सप्लाय तपासला, ग्राउंड तपासलं. सगळं जागच्या जागी. शेवटी कपाटातून खरी चिप, खरे रेझिस्टर काढून टेबलावर तेच सर्किट जोडलं. सिग्नल बरोब्बर दहापट! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बरोबर आहे, कॉम्प्युटर चुकतोय. म्हणजे याला व्हायरस लागला!

नेमके तेव्हाच आमचे स्टोअरकीपर गंगारामअण्णा दारात आले. तामसीचे, रोज बसनं येणारे.

"अण्णा, कॉम्प्युटरला व्हायरस झाला!"

"काऊन? कोनी शिंकलं का त्याच्यावर?"

"तसला नाही हो! पण पसरतो."

हे ‘पसरतो’ मी बोलायला नको होतं. दुपारपर्यंत वॉचमननं नाकाला रुमाल बांधला. टायपिस्टबाईंनी आपला टाइपरायटर उचलून पार व्हरांड्यात नेला. प्रिन्सिपलसाहेबांनी खोलीला कुलूप ठोकलं आणि हैदराबादला फोन लावला, "इंजिनियर भेजो! अर्जंट!"

शुक्रवारी सकाळी इंजिनियर आला. आला कसला, आली! चोविशीतली तेलुगू पोरगी. गुडीहत्नूरपाशी बस बंद पडल्यानं तासभर उन्हात उभी राहिलेली. दाराशी अख्खं कॉलेज गोळा झालेलं. तिनं चपला काढल्या, खुर्चीत बसली, पडद्याकडे बघितलं.

"सर, ये रेझिस्टर कितने का है?"

"वन मेगा!" मी छाती पुढे काढून.

"आपने तो सिर्फ ‘एम’ लिखा है."

"हां, तो? एम मतलब मेगा!"

"नहीं सर," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "इस प्रोग्राम में एम मतलब मिली. मेगा के लिए एम, ई, जी लिखना पडता है."

तिनं दोन अक्षरं वाढवली. बटण दाबलं. आणि पडद्यावर काय लाट उसळली म्हणता! दहापट! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात कोण पिटत होतं? मी! लाज कुठल्या कुठे गेली, चाललं हो सर्किट!

लाज नंतर आली, हिशोब केल्यावर. मिली म्हणजे हजारावा भाग, मेगा म्हणजे दहा लाख; दोघांत फरक शंभर कोटी पटीचा. माणूस चुकतो, मान्य. शर्टाचं बटण चुकवतो, बस चुकवतो. पण शंभर कोटी पटीनं?

पोरगी सज्जन. तोंडानं कोणाला काही बोलली नाही. फक्त सर्व्हिस रिपोर्टवर इंग्रजीत एक ओळ लिहून गेली, ‘दोष : ऑपरेटर.’

सोमवारी गंगारामअण्णा हातात फॉर्म घेऊन हजर.

"सर, दस्तखत करा. रिपोर्टात लिवलं हाय, ऑपरेटर खराब. नवा मागवाचा फॉर्म भरून आनला."

खरं सांगावं तर पुन्हा गावभर बोंब. केली सही! स्वतःच्या हातानं, तारखेसकट!

अण्णांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि दारातून परत फिरले.

"पन एक हाय, सर. आपला नियम तुमाले मालूम हाय. जुना स्टोअरात जमा केल्याबिगर नवा भेटत नाई. कुठी ठेवला तुमी तो?"

"अण्णा," मी म्हटलं, "घ्या जमा करून. तुमच्या पुढंच उभा हाय."