गाडीखालचा कागद

बहरीनमधल्या आमच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीला नवे लोक का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मी येथे देणार आहे. पाइनच्या लाकडाची वीतभर गाडी स्वतः तासायची, चाके बसवायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची, एवढाच हा छंद. वजनाची मर्यादा मात्र कडक असते आणि वजनकाटा माझ्याकडे असतो.

गेल्या वर्षी मीना सलमान बंदरावरच्या एका गोदामातला ट्रेलरचालक पहिल्यांदाच आला. तो कोकणातला. सामानाच्या खोक्याच्या फळीतून त्याने गाडी कोरली होती. ती धावली, तर त्याच्या खोलीतले चौघेही गाड्या करणार होते. रंग अजून ओला होता. काटा खराब होऊ नये म्हणून मी गाडीखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली. वजन अठरा ग्रॅम जास्त भरले.

“ट्रेलरच उचलून आणलात की काय, भाऊ?” कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

“साहेब, एवढ्या वेळी चालवून घ्या ना.”

“नियम सर्वांना सारखा,” असे म्हणून मी वजन घटवण्यासाठी खालून ड्रिल लावले. तिसऱ्या भोकाला गाडी उभी चिरली.

“खलास,” तो म्हणाला आणि दोन्ही तुकडे खिशात घालून निघून गेला.

घरी आल्यावर मी तीच घडी काट्यावर ठेवली. अठरा ग्रॅम. हे मी त्याला कळवले नाही. तो पुन्हा आला नाही, ते चौघेही आले नाहीत.

माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि आकडा स्वतः वाचा.